रोजचे 60,000 प्रवासी असतील, तर ट्राम किती मिनिटांनी सोडायची आणि गाड्या किती लागतील?

गंगापूररोडकर

आपल्या नाशिक शहरात एकेकाळी जुन्या नाशिकहून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम धावायची. आज जमिनीवरून विजेची ट्राम चालवायची म्हटलं तर सेवा कशी आखावी लागेल, याचा कागदोपत्री हिशोब मांडतोय. निओ मेट्रोचा (टायरवर धावणाऱ्या मेट्रोचा) उन्नत मार्ग आणि त्यासाठीचे 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले 2,092 कोटी हा विषय कृपया इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.

मार्ग धरलाय नाशिकरोड स्टेशन – द्वारका – सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) – सातपूर, साधारण 16 किमी. रोजचे प्रवासी दोन्ही दिशांचे मिळून 60,000 (हे माझं गृहीतक आहे, कुठल्याही अहवालातला आकडा नाही). सेवा 18 तास. ट्राम 43 मीटर लांबीची, क्षमता 250.

60,000 भागिले 18, म्हणजे तासाला 3,333. एका दिशेला 1,667. भागिले 250, म्हणजे तासाला 7 फेऱ्या, साडेआठ मिनिटांना एक गाडी. ताशी 50 किमी वेगाने जाऊन येऊन 40 मिनिटं. म्हणजे 5 गाड्या. राखीव धरून 6.

16 किमीच्या मार्गाला 6 गाड्या हे फारच कमी वाटतंय. कुठला टप्पा चुकतोय? आणि सिंहस्थाची गर्दी या हिशोबात कुठे बसवायची?

---

वेळापत्रकवाला

जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सरासरी घेतलीय, म्हणून आकडा इतका खाली आला. गाड्यांची संख्या सरासरीवर ठरत नाही. सर्वांत गर्दीच्या पंधरा मिनिटांत, सर्वांत भरलेल्या टप्प्यावर, जास्त गर्दीच्या दिशेने जाणारे लोक किती, यावर ती ठरते. 60,000 पासून तिथपर्यंत उतरत जावं लागतं.

आधी गर्दीचा तास. भारतातल्या शहरांत दिवसभराच्या प्रवाशांपैकी 9 ते 12 टक्के एका तासात येतात. 11 धरू: 6,600. मग दिशा. सकाळी एका बाजूला 60 ते 65 टक्के जातात. 62 धरू: 4,092. पण हे सगळे एकाच वेळी गाडीत नसतात. नाशिकरोडला चढलेला द्वारकेला उतरतो, द्वारकेला चढलेला सातपूरला. 16 किमीच्या मार्गावर सर्वाधिक भाराच्या टप्प्यावर साधारण निम्मे किंवा थोडे जास्त लोक असतात. 55 टक्के धरू: 2,250. हा तुमचा पीएचपीडीटी, म्हणजे गर्दीच्या तासात एका दिशेने एका टप्प्यावरून जाणारे प्रवासी. हा 55 टक्क्यांचा आकडा मात्र अंदाजावर सोडू नका. रोजचे प्रवासी तेवढेच असलेल्या दोन मार्गांवर तो 35 आणि 75 इतका वेगळा निघू शकतो. सगळे सीबीएसलाच उतरणार असतील तर मार्गाचा तेवढाच तुकडा खचाखच भरतो आणि पुढे गाडी रिकामी जाते.

आता तासाच्या आतली चढउतार. गर्दीच्या तासातही एक पाव तास जास्त भरलेला असतो. तासाचे प्रवासी भागिले त्या पाव तासाच्या चौपट, हे गुणोत्तर रस्त्यावरच्या वाहतुकीत साधारण 0.85 येतं. 2,250 भागिले 0.85 म्हणजे 2,647. फेऱ्या या आकड्यावर काढायच्या. पाच मिनिटांना एक गाडी, तासाला 12 फेऱ्या धरल्या तर प्रत्येक गाडीत 221 माणसं, क्षमतेच्या 88 टक्के. हे ठीक आहे. सहा मिनिटांना एक केली तर 265 होतात, म्हणजे सर्वाधिक भाराच्या टप्प्यावर काही लोक फलाटावरच राहतील.

आणि 250 क्षमता कोणत्या हिशोबाने, हे लिहून ठेवा. उभ्या प्रवाशांसाठी 42 चौरस मीटर जागा आणि 78 आसनं असलेली गाडी घ्या. चौरस मीटरला 4 माणसं धरली तर 246, 6 धरली तर 330, 8 धरली तर 414. गाडी तीच. आपल्याकडच्या अहवालांत अनेकदा 6 किंवा 8 चा आकडा क्षमता म्हणून येतो आणि गाड्यांची संख्या कागदावर आपोआप कमी होते. ट्रामला 8 चालत नाही. मधला माणूस दारापर्यंत पोहोचू शकत नाही, गाडी थांब्यावर जास्त थांबते, आणि वाढवलेली क्षमता हळू वेगात गमावली जाते.

गर्दी नसलेल्या वेळेत प्रवाशांच्या संख्येवर हिशोब करूच नका. तिथे दहा मिनिटांची कमाल मर्यादा घालून घ्या, गाडी अर्धी रिकामी गेली तरी. मध्यम शहरात ट्रामची स्पर्धा दुचाकीशी आहे, आणि दुचाकीला वाट बघणं हा प्रकारच नाही.

---

सांधेवाला

वरचं सगळं मागणीच्या बाजूचं झालं. तुमच्या हिशोबातली मोठी गफलत धावण्याच्या वेळेत आहे. ताशी 50 हा गाडीचा कमाल वेग झाला, मार्गाचा नव्हे.

16 किमीवर 550 मीटरला एक धरून 30 थांबे. मधले 28. प्रत्येक थांब्यावर दोन प्रकारे वेळ जातो. 50 च्या वेगातून थांबून पुन्हा तो वेग घेताना, सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद या दराने, 14 सेकंद. आणि प्रत्यक्ष थांबण्याचे 22 सेकंद. हे 22 असे येतात: दार उघडणं, बंद होणं, सुरक्षेची खात्री यांत 6 सेकंद. 60 माणसं चढउतार करणार, 6 दुहेरी दारं, दारामागे सरासरी 10. पण लोक सारखे विभागले जात नाहीत. जिन्याच्या, सावलीच्या जवळच्या दाराशी दीडपट असतात, म्हणजे 15-16. रुंद दार आणि फलाटाला समपातळीवरची गाडी असेल तर माणशी सुमारे 1 सेकंद. पायरी असेल तर अडीच-तीन सेकंद, आणि तिकीट गाडीत चढताना काढायचं असेल तर हा हिशोबच मोडतो. तिकीट फलाटावर किंवा मोबाईलवर, सगळी दारं सगळ्यांना खुली, याला पर्याय नाही.

मग धावायला 19 मिनिटं, 28 थांब्यांचे 36-36 सेकंद म्हणजे 17 मिनिटं. उरले सिग्नल. समजा मार्गावर 22 आहेत. ट्रामला प्राधान्य असेल तर वेग कमी-जास्त करण्यासकट सरासरी 30 सेकंद, एकूण 11 मिनिटं. बेरीज 47, म्हणजे एका बाजूला 48 मिनिटं धरा. सरासरी वेग ताशी 20.

प्राधान्य नसेल तर? आपल्याकडे 150 सेकंदांचं सिग्नलचक्र सर्रास असतं. त्यात ट्रामच्या दिशेला 35 सेकंद हिरवा मिळाला तर लाल 115. वाट बघण्याची सरासरी 115 चा वर्ग भागिले 300 (चक्राची दुप्पट), म्हणजे 44 सेकंद. त्यात थांबण्या-निघण्याचे 14 आणि चौकात आडव्या घुसलेल्या रिक्षांचे चार धरले की 62. बावीस सिग्नलांचे 23 मिनिटं. एका बाजूला 48 ऐवजी 60 मिनिटं.

आता गाड्या. पाच मिनिटांची वारंवारता, दोन्ही टोकांना 7-7 मिनिटं विसावा.

प्राधान्यासह: 96 अधिक 14, म्हणजे 110. भागिले 5, गाड्या 22.
प्राधान्याशिवाय: 120 अधिक 14, म्हणजे 134, पाचाच्या पटीत 135. गाड्या 27.

पाच गाड्या, त्यांचे चालक, डेपोतली जागा, हे सगळं फक्त लाल दिव्यासमोर उभं राहण्यासाठी विकत घ्यायचं. एवढ्या पैशात 22 चौकांची सिग्नलयंत्रणा कितीतरी वेळा बदलून होते, आणि तरीही आपल्याकडे आधी गाड्यांची निविदा निघते आणि सिग्नल नंतर कुणीतरी बघेल असं गृहीत धरलं जातं. हा क्रम उलटा व्हायला हवा.

प्राधान्य नीट बसवायचं तर चौकाच्या 200-250 मीटर आधी गाडीची चाहूल घेणारा शोधक रुळांमध्ये लावायचा, आणि थांबरेषा ओलांडल्यावर विनंती रद्द करणारा दुसरा. थांबा चौकाच्या पलीकडे ठेवायचा. अलीकडे ठेवला तर गाडी थांब्यावर 15 सेकंद थांबेल की 40, हे सिग्नलला कळत नाही. हिरवा येऊन जातो आणि गाडी लाल दिव्यासमोर दारं बंद करून उभी राहते.

टोकाच्या स्थानकाचा हिशोबही आत्ताच करून ठेवा, नंतर जागा मिळत नाही. दोन फलाट आणि अलीकडे कात्री सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी फुलीसारखी जोडणी) असेल तर एक फलाट अडण्याचा काळ म्हणजे विसावा अधिक सांधा मोकळा होण्याचं एक मिनिट. 7 अधिक 1, भागिले 2, म्हणजे चार मिनिटांपेक्षा जवळ गाड्या सोडताच येत नाहीत. उशीर भरून काढायला विसावा 10 मिनिटांचा केला तर ही मर्यादा साडेपाचवर जाते आणि पाच मिनिटांचं वेळापत्रक बसतच नाही. तिसरा फलाट किंवा पलीकडे गाडी उभी करायला शेपूटमार्ग, यांपैकी एक हवाच.

---

मेघना_वाहतूक

60,000 आणि 55 टक्के हे आकडे प्रत्यक्षात कुठून काढायचे, त्याबद्दल.

शहर बसच्या तिकीट मशीनमधला डेटा ही सुरुवात. सिटीलिंकची सेवा जुलै 2021 पासून आहे, म्हणजे अनेक वर्षांची नोंद असणार. तिकिटावर चढण्याचा आणि उतरण्याचा टप्पा असतो, पण एका टप्प्यात दोन-तीन थांबे येतात. पासधारकाची फेरी कंडक्टरने मशीनवर नोंदवली तरच दिसते, आणि गर्दीत ती राहून जाते. विद्यार्थी नेमके तिथेच गळतात. म्हणून सर्वाधिक भाराच्या टप्प्यावर बसमधली माणसं डोळ्यांनी मोजून मशीनच्या आकड्याला गुणक लावावा.

बसचा आकडा म्हणजे मागणी नव्हे. नाशिकरोड ते द्वारका पट्ट्यात शेअर रिक्षांत बसणारे लोक कुठल्याही नोंदीत नाहीत. रस्त्यावर एक काल्पनिक रेघ धरून, सकाळी साडेसहा ते रात्री साडेनऊ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, दोन्ही दिशांची वाहनं आणि प्रत्येकातली माणसं मोजावी लागतात. मंगळवार ते गुरुवार. शाळांच्या सुट्या, श्रावण आणि औद्योगिक वसाहतीचा साप्ताहिक सुटीचा वार टाळून. पावसाळ्यात एक वेगळी मोजणी हवी, कारण जोराच्या पावसात दुचाकीवाला बसकडे वळतो.

सातपूरच्या टोकाला आणखी एक गोष्ट. कारखान्यांची पाळी सुटल्यावर सगळे दहा मिनिटांत बाहेर पडतात. तिथे वर दिलेलं 0.85 चं गुणोत्तर 0.7 पर्यंत घसरू शकतं. त्याच वेळी अनेक कामगार कंपनीच्या बसने जातात, ते ट्रामकडे येतील असं धरू नका.

आणि सगळ्यांत मोठी चूक बस तोडण्यात होते. देवळाली कॅम्पहून सीबीएसला थेट बस आहे, ती नाशिकरोडला तोडून लोकांना ट्राममध्ये बसवू, म्हणजे प्रवासी तयार, असं मांडलं जातं. चालणं आणि वाट बघणं लोकांना गाडीत बसल्या वेळेच्या साधारण दुप्पट जड वाटतं, आणि गाडी बदलण्याचा त्रास त्यावर पाच-दहा मिनिटांइतका वेगळा. ट्राममुळे आठ मिनिटं वाचत असतील तर ती तिथेच संपली. अशा प्रवाशाला दुचाकी घेणं सोपं जातं. बस तोडायची असेल तर त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला ट्राम हवी, आणि तिकीट एकच.

---

गंगापूररोडकर

मनापासून आभार. म्हणजे 6 नव्हे, 22 अधिक राखीव. आता दोन शंका. पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी दोन गाड्या जोडून सोडल्या तर चालक निम्मे लागतील ना? आणि राखीव किती?

---

वेळापत्रकवाला

राखीव 10 ते 15 टक्के. 22 वर 3 धरा: दोन देखभालीत, एक चालकासह तयार. एकूण 25. यापेक्षा कमी केल्या तर एका अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीत महिनाभर रोज एक-दोन फेऱ्या रद्द होतात.

जोडगाडीने चालक वाचतात हे खरं. पण लांबी 86 मीटर होते. तेवढे फलाट आणि दोन चौकांमधलं तेवढं अंतर सगळीकडे लागतं, नाहीतर थांबलेल्या गाडीचं शेपूट मागचा चौक अडवतं. शिवाय सरासरी वाट बघणं अडीच मिनिटांवरून पाचवर जातं. एका गाडीत मावत नाहीत इतके लोक असतील तेव्हा जोडा, खर्च वाचवायला नको.

पाच मिनिटांचा दुसरा फायदा म्हणजे तो 150 सेकंदांच्या बरोबर दुप्पट आहे. प्रत्येक गाडी सिग्नलचक्राच्या त्याच क्षणी येते, प्राधान्य देणं सोपं जातं. साडेचार मिनिटं निवडली तर प्रत्येक गाडीला वेगळा क्षण मिळतो. दोन्ही दिशा मिळून चौकात दीड मिनिटाला एक गाडी यायला लागली की आडव्या रस्त्याला हिरवा पुरत नाही, आणि मग पोलीस प्राधान्य बंद करून हाताने सिग्नल चालवतात. तिथून पुढे वेळापत्रक नावालाच उरतं.

सिंहस्थ या हिशोबात घेऊ नका. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मोजक्या स्नानाच्या दिवसांसाठी बारा वर्षांची गाडीसंख्या ठरवायची नसते. त्या दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक करा, राखीव गाड्याही काढा, रामकुंडाजवळचे थांबे बंद ठेवून लोकांना अलीकडच्या मोकळ्या थांब्यावर उतरवा.

---

एडिंबराकर

गाड्या आणि मार्ग यांचा मेळ चुकला की काय होतं, त्याचं इथलं उदाहरण. एडिंबराने 42.8 मीटर लांबीच्या 27 ट्राम मागवल्या त्या विमानतळ ते न्यूहेवन या पूर्ण मार्गासाठी. बांधकाम रखडलं, खर्च वाढला, आणि 31 मे 2014 ला जो मार्ग सुरू झाला तो यॉर्क प्लेसलाच संपत होता, 14 किमी. तेवढ्या मार्गाला 27 गाड्या लागतच नव्हत्या. काही भाड्याने देता येतील का, याचीही चाचपणी झाली. शेवटी न्यूहेवनचा तुकडा 7 जून 2023 ला सुरू झाला तेव्हा नवीन गाडी घ्यावी लागली नाही. नाशकात मार्ग टप्प्याटप्प्याने होणार असेल, तर गाड्यांच्या निविदेतही टप्पे ठेवा: पहिल्या तुकड्यापुरत्या पक्क्या, बाकीच्यांचा ठरलेल्या दराने पर्याय. डेपो मात्र पूर्ण मार्गाच्या हिशोबाने पहिल्याच दिवशी बांधा. डेपो नंतर वाढवणं फार महागात जातं.

स्ट्रासबुर्गने 1994 मध्ये पहिला मार्ग सुरू करताना शहराच्या मध्यातून मोटारींची आरपार वाहतूकच काढून टाकली. सांधेवाल्यांनी लिहिलेला सिग्नलचा प्रश्न तिथे बराचसा या एका निर्णयानेच सुटला. नाशिकमध्ये सीबीएस ते शालिमार या भागात तसं करता येईल का, हे आराखड्यातच ठरायला हवं.

---

सांधेवाला

याच्या उलट कोलकाता. तिथे अनेक रस्त्यांवरचे ट्रामचे राखीव पट्टे काढून रूळ रस्त्याच्या काँक्रीटमध्ये बसवले, म्हणजे मोटारी रुळांवर आल्या. वेग घटला, तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या कमी झाल्या, वाट बघणं वाढलं, प्रवासी गेले. आणि प्रवासी नाहीत हेच पुढे मार्ग बंद करायचं कारण झालं. राखीव पट्टा हा मागणीच्या आकड्याचाच भाग आहे, तो काढला की तुमचे 60,000 राहत नाहीत.

शेवटचा मुद्दा, कारण कागदावरचे 22 रस्त्यावर कसे बिघडतात ते यात आहे. एक गाडी दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिला जास्त लोक भेटतात, ती आणखी थांबते. मागची रिकामी, ती जवळ येत जाते. शेवटी जोडीने दोन आणि मग दहा मिनिटं काही नाही. सरासरी अजूनही पाच मिनिटं, पण लोक सरासरी अडीचऐवजी पाच मिनिटं वाट बघतात, आणि जोडीतल्या पहिल्या गाडीवर 440 माणसं येतात. 250 च्या गाडीत ती मावत नाहीत. बस असती तर मागची पुढे काढली असती, ट्रामला ते शक्य नाही.

म्हणून नियंत्रण कक्षात उशीर बघू नका, दोन गाड्यांमधलं अंतर बघा. पुढची गाडी मागे पडली की मागचीला द्वारका किंवा सीबीएससारख्या ठरलेल्या थांब्यावर एक-दीड मिनिट रोखून धरायचं, त्याहून जास्त नाही, नाहीतर आतले लोक चिडतात. अंतर आठ मिनिटांवर गेलं की एक गाडी मधूनच उलट फिरवायची. त्यासाठी दर तीन-चार किलोमीटरला दोन रुळांना जोडणारा सांधा हवा. कुठेतरी मार्ग अडला तर उरलेल्या तुकड्यांत सेवा चालू ठेवायलाही तेच सांधे लागतात.

जोडीने धावणाऱ्या गाड्यांचा वीजपुरवठ्यावरही ताण येतो. 43 मीटरची ट्राम निघताना हजार अँपिअरपेक्षा जास्त ओढू शकते. 750 व्होल्टच्या तारेवर, एकाच सबस्टेशनच्या टप्प्यात चार गाड्या एकदम निघाल्या तर दाब घसरतो. युरोपीय मानकात खालची मर्यादा 500 व्होल्ट आहे. तिच्या जवळ गेलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि पुन्हा उशीर वाढतो. साधारण दोन किलोमीटरला एक सबस्टेशन, आणि त्यांतलं एक बंद पडलं असतानाही पाच मिनिटांची सेवा चालेल असा हिशोब विद्युत सल्लागाराकडून लेखी घ्या. अडकलेला मार्ग मोकळा झाल्यावर सगळ्या गाड्या एकदम सोडायच्या नाहीत, कक्षाने एकेक करून, वीस-तीस सेकंदांच्या अंतराने सोडायच्या.